तळाशी काय दिसले?

विदर्भातील माणसाच्या मनात समुद्राविषयी एक निराळेच कुतूहल असते. कोकणातील मनुष्य समुद्राकडे शेजारी म्हणून पाहतो. त्याचे गुण आणि त्याची लहर दोन्ही त्याच्या परिचयाची असतात. वर्धा नदीकाठच्या एखाद्या तालुक्याच्या गावी ज्याचे आयुष्य गेले, त्याला मात्र समुद्र प्रथम भेटतो तो नकाशात. आणि नकाशातला समुद्र नेहमीच निळा असतो.

अशाच एका गावच्या शाळेत भूगोल शिकविणारे एक गुरुजी नाताळच्या सुटीला चार दिवसांची रजा जोडून चेन्नईस गेले. वय बावन्न, प्रकृती काटक. पत्नीचे बंधू नोकरीच्या निमित्ताने तेथे बरीच वर्षे स्थायिक झालेले, त्यामुळे उतरण्याची चिंता नव्हती. पण जाण्यापूर्वी गुरुजींनी आठवीच्या वर्गाला एक वचन देऊन ठेवले होते. वीस वर्षे आपण समुद्राचा तळ फळ्यावर काढीत आलो. या खेपेस तो प्रत्यक्ष पाहून येऊ आणि कसा आहे ते सांगू, असे ते वचन. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरविणारे वाटाडे आता ठिकठिकाणी आहेत आणि पोहणे बेताचे येणाऱ्यालाही ते हात धरून तळ दाखवितात, हे त्यांनी वाचले होते. पाहुण्यांसाठी छापलेल्या एका पत्रकावरील चित्रही त्यांनी जपून ठेवले होते. त्यात काचेसारखे पाणी होते, पोवळ्यांची झाडे होती आणि पिवळ्या माशांचा थवा होता. हे चित्र कोणत्या समुद्राचे, हे त्या पत्रकावर छापलेले नव्हते.

या यंत्राविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी ते सिद्ध केले. नळकांड्यात असते ती दाबून भरलेली साधी हवा. पुष्कळ लोक समजतात तसा निव्वळ प्राणवायू नव्हे. युक्ती आहे ती तोंडात धरावयाच्या झडपेत. बुडी मारणारा श्वास घेतो तेव्हाच ती उघडते, आणि ज्या खोलीवर तो असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला पुरविते. दहा मीटर खाली गेले की अंगावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. अशा वेळी बेताच्या दाबाची हवा छातीत ओढून घेणे कोणालाही शक्य झाले नसते. या एका झडपेमुळे जे काम पूर्वी मोत्यांच्या आणि शंखांच्या पाणबुड्यांनी दम कोंडून करावे, ते सुटीवर आलेल्या शिक्षकाच्या आवाक्यात आले.

चेन्नईपासून दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते निराळे. तेथे सकाळी सात वाजता गुरुजी आणि त्यांचे मेहुणे पोहोचले. दोन बुड्यांचे पैसे आगाऊ भरलेले होते. बरोबर एक नवपरिणीत जोडपे होते आणि बंगळूरहून आलेले दोन तरुण अभियंते. वाटाड्या त्याच गावचा, कोळ्याचा मुलगा, पंचविशीच्या आतबाहेरचा. त्याने सर्वांकडून प्रकृतीविषयीची पत्रके भरून घेतली, हातांच्या खुणा शिकविल्या आणि कानांवर दाब आला की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर कशी घालावी, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. पुष्कळ सांगून झाल्यावर जाता जाता त्याने म्हटले, "आज पाणी बरे नाही." पण ते त्याने अशा आवाजात म्हटले की ऐकणाऱ्यास ते ऐकले नाही असे समजण्याची मोकळीक राहावी. पैसे घेणारा मालक शेजारीच उभा होता.

पाणी बरे नव्हते, याचे कारण मराठी माणसाच्या सहज ध्यानात येणारे नाही. आपल्याकडे मृगापासून पाऊस आणि नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा, हा हिशेब हाडीमाशी खिळलेला आहे. डिसेंबर म्हणजे स्वच्छ दिवस. मालवणास याच दिवसांत पाण्याखाली पाहणाऱ्यांची गर्दी होते. गुरुजींनी तोच हिशेब चेन्नईला लावला. पण कोरोमंडल किनाऱ्याचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर हा. चेन्नईच्या वर्षाच्या पावसापैकी अर्ध्याहून अधिक या तीन महिन्यांत पडतो. यांत्रिक नौकांची मासेमारी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंद असते, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. एकाच देशाचे हे दोन समुद्र. त्यांचे पंचांग मात्र एक नाही. ईशान्य मोसमी वारा पाठ फिरवितो तोवर अड्यार, कूवम आणि लहानमोठ्या खाड्यांनी आपला गाळ समुद्राच्या स्वाधीन केलेला असतो आणि लाटांनी तळाची वाळू ढवळलेली असते. ही गोष्ट गुरुजी स्वतः वर्गात शिकवीत असत. चेन्नईस हिवाळ्यात पाऊस पडतो, हा परीक्षेतील हमखास प्रश्न. पण परीक्षेत शिकविलेली गोष्ट सुटीचे तिकीट काढताना आठवतेच असे नाही.

नाव लाटा फोडून बाहेर पडली तेव्हाच नवपरिणीत वधूला उलट्या सुरू झाल्या आणि तिने पाण्यात उतरण्याचा विचार सोडला. मेहुणेही नावेतच राहिले. "भाऊजी, तुम्ही या जाऊन. मी वरून समुद्र बघतो, तो पुरे आहे," असे ते म्हणाले. गुरुजींच्या कमरेला शिशाचे तुकडे बांधले गेले, पायांत रबरी पंखे चढले आणि नावेच्या काठावरून पाठीवर पडून ते पाण्यात गेले.

श्रोत्यांपैकी ज्यांनी लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले असेल, त्यांना गढूळ हिरव्या पाण्यात डोळे उघडण्याचा अनुभव असेलच. तसेच येथे झाले. फरक इतकाच की येथे विहिरीचा काठ नव्हता. पहिल्या दोन मीटरांत उजेड होता, त्यानंतर हिरवट तपकिरी अंधुकता. पाणी प्रथम तांबडा रंग शोषून घेते. त्यात गाळ आणि सूक्ष्म जीव भरलेले असले की निळाही उरत नाही. हात लांब केला तर बोटे पुसट दिसत. वाटाड्याने दिवा लावला, तेव्हा धुक्यात मोटारीचे दिवे लावावेत तसे झाले: तरंगणारा प्रत्येक कण उजळला आणि पलीकडचे काहीच दिसेना. आवाज मात्र होता. पाण्यात ध्वनी हवेच्या सुमारे साडेचारपट वेगाने जातो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने येतो हे कानांना उमगत नाही. दूरवरच्या एखाद्या नावेचे यंत्र जणू आपल्याच डोक्यात चालले आहे असे गुरुजींना वाटत होते.

आठ मीटरांवर तळ लागला. वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या, एका टोकदार शंखात बिऱ्हाड करून चाललेला खेकडा, नायलॉनच्या जाळ्याचा अर्धा पुरलेला तुकडा. एवढेच. एखादी सावली जवळून गेली. ती माशाची असावी. तेवढ्यात अभियंत्यांपैकी एकाचे पंखे तळाला लागले, वाळूचा ढग उठला आणि उरलेले तेही नाहीसे झाले. गुरुजींना स्वतःचे हातही दिसेनात. वाटाड्याची पकड त्यांच्या पाठीवरील नळकांड्यावर होती, पण ती त्यांना जाणवत नव्हती. आपण एकटे आहोत अशी त्यांची समजूत झाली. श्वास भराभर चालू लागला. वर झेप घ्यावी अशी ऊर्मी आली. या खेळातील सर्वांत मोठा धोका हाच. दाबाखाली छातीत भरलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि घाबरून दम धरून वर येणारा मनुष्य स्वतःचे फुफ्फुस फाडून घेऊ शकतो. दहा-बारा श्वास असे गेले असतील. मग खांद्यावर हात पडला, तो दोनदा दाबला गेला आणि डोळ्यांसमोर अंगठा वर केलेली एक मूठ दिसली. या भाषेत तिचा अर्थ 'छान' असा नव्हे, 'वर चला' असा आहे. एक एक मीटर थांबत ते वर आले. सारा प्रकार अठरा मिनिटांचा.

नावेत आल्यावर वाटाड्याने दुसरी बुडी होणार नाही असे सांगितले. अभियंते चिडले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते: पाणी असे आहे हे सकाळी दिसत होते, तर नाव काढलीच का? त्यावर त्या तरुणाने उत्तर दिले नाही. देणे त्याच्या हाती नव्हते. किनाऱ्यावर मालकाशी पुष्कळ वादावादी झाली आणि दुसऱ्या बुडीचे अर्धे पैसे परत मिळाले. त्या दिवसाची त्या मुलाची मजुरी त्यातून कापली गेली की काय, हे कोणी विचारले नाही. दोष वाटायचाच झाला तर चित्र छापणाऱ्याचा मोठा, नाव काढणाऱ्याचा त्याहून मोठा. आणि बुडी थांबविणाऱ्याचा मुळीच नाही. पण पाण्यात काही न दिसलेल्या माणसाचा राग, जो समोर दिसतो त्याच्यावरच निघतो.

घरी परतताना गुरुजी बोलत नव्हते. मेहुण्यांनी गाडी मरीना किनाऱ्यावर नेली. आदल्याच संध्याकाळी तेथील रुंद वाळवंट पाहून गुरुजी हरखले होते. मरीनाची ती रुंदी मूळची नव्हे. १८७६ च्या सुमारास बंदराचे धक्के समुद्रात बांधू लागले, तोवर लाटा शहराच्या पुष्कळ जवळ येत असत. या किनाऱ्याने वर्षभराचा हिशेब धरला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. धक्क्यांनी तिची वाट अडविली; ती दक्षिणेस साचून मरीना रुंदावला, आणि उत्तरेस रायपुरमच्या बाजूला वाळूचा पुरवठा तुटून समुद्र वस्ती खाऊ लागला. सकाळी ज्या वाळूने गुरुजींच्या डोळ्यांवर पडदा टाकला, तीच ही चालती वाळू. जेथे तळ असा सतत चालतो आणि नद्या गोडे पाणी व गाळ आणून ओततात, तेथे पोवळ्याचा जीव धरत नाही. त्याला स्वच्छ, उजेडाचे पाणी लागते. म्हणून तामिळनाडूतील पोवळ्यांची मुख्य बेटे खाली मन्नारच्या आखातात, रामेश्वरम आणि तूतुकुडी यांच्या दरम्यान आहेत; १९८६ पासून ती सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी ते महाबलीपुरमला गेले. समुद्रकाठच्या देवळाच्या पुढे, तीरापासून पाचशे ते सातशे मीटरांवर, २००२ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि इंग्लंडहून आलेल्या पाणबुड्यांनी तळ धुंडाळला होता. दगडी भिंतींचे अवशेष, घडीव चिरे, पायऱ्या असलेला एक चौथरा त्यांना तेथे आढळला. साऱ्यांवर समुद्री जीवांचे जाड पुट चढलेले. डिसेंबर २००४ च्या सुनामीने किनाऱ्याची वाळू ओढून नेली, तेव्हा जमिनीच्या बाजूलाही गाडले गेलेले कोरीव पाषाण उघडे पडले. मेहुण्यांनी हे सांगितले, तेव्हा गुरुजींनी एकच प्रश्न विचारला: ते लोक किती खोल उतरले होते? पाच ते आठ मीटर, असे उत्तर मिळाले. त्यावर गुरुजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

सुटी संपली. आठवीच्या वर्गाने पहिल्याच तासाला वचनाची आठवण दिली. गुरुजींनी जपून ठेवलेले चित्र खिशातून काढले नाही. त्यांनी फळ्यावर भारताचा पूर्व किनारा काढला. मग आपल्या गावाजवळून वर्धा नदीची रेघ ओढली. ती वैनगंगेला मिळून प्राणहिता झाली, प्राणहिता गोदावरीत गेली, गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळाली. पावसाळा सरता सरता त्या समुद्रात किनाऱ्यालगत एक प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि नद्यांचे कमी खारट पाणी बरोबर घेऊन चेन्नईच्या वाटेने जातो. तोही त्यांनी बाणांनी दाखविला. मग खेकडा सांगितला, जाळ्याचा तुकडा सांगितला आणि घाबरलो होतो हेही सांगितले.

"सर, किती खोल गेला होता?" मागच्या बाकावरून एकाने विचारले.

"आठ मीटर."

मुलाने मनाशी हिशेब केला. "म्हणजे आमच्या मळ्यातल्या विहिरीएवढेच?"

"साधारण तेवढेच," गुरुजी म्हणाले, आणि वर्ग हसला तेव्हा तेही हसले.