थीम अपडेट झाली आणि काकांचा नंबर गेला

आज बोलायचंय वेबसाइटच्या रंगरूपाबद्दल. पण सुरुवात सीताफळापासून.

आमचं गाव धारूरकडं, बालाघाटच्या डोंगरात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काका म्हणाले, "आता आपली बी वेबसाइट काढ." मी वर्डप्रेसवर काढली. फुकटची थीम घेतली, तिच्या हेडरच्या फाइलमध्ये घुसून काकांचा ऑर्डरचा नंबर टाकला, मराठी फॉन्ट बसवला. लई भारी वाटलं.

ऐन हंगामात 'अपडेट उपलब्ध' असं दिसलं. दाबलं बटण. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, "आरं, ऑर्डरच येईना झाल्यात!" बघतो तर नंबर गायब. अपडेट झालं की थीमच्या फाइली नव्यानं येतात, त्यात आपण केलेले बदल पुसले जातात. आणि सीताफळ काय थांबतंय? तोडलं की दोन-तीन दिवसांत मऊ. क्रेट तसेच राहिले. चूक माझी, नुकसान काकांचं.

यावर जुना उपाय होता चाइल्ड थीमचा. म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळ्या फोल्डरात ठेवायचे. पण त्याला कोड यावा लागतो.

जानेवारी २०२२ मध्ये वर्डप्रेस ५.९ आलं, आणि त्यात साइट एडिटर. ब्लॉक थीम असेल तर अपिअरन्समध्ये 'एडिटर' दिसतं. हेडर, फूटर, रंग सगळं तिथंच बदलायचं. हे बदल थीमच्या फाइलीत नाही, डेटाबेसमध्ये राहतात. त्यामुळं थीम अपडेट झाली तरी नंबर जागेवर. ६.३ पासून स्टाइल्सच्या जुन्या नोंदीही दिसतात. रंग बिघडवला तर मागं जाता येतं.

आपल्यासाठी सगळ्यात कामाचं आलं एप्रिल २०२४ मध्ये, ६.५ मध्ये: फॉन्ट लायब्ररी. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट अपलोड करा, कोडची एक ओळ न लिहिता. फक्त ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. इंग्रजीच्या मापात आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांना धडकतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. थीमच बदलली तर ही सजावट सोबत येत नाही, ती परत करावी लागते. आणि बॅकअप घेतल्याशिवाय अपडेट नाही.

काकांची साइट मी आता ब्लॉक थीमवर नेलीय. काका स्वतः मोबाइलवरून भाव बदलतात. परवा मला म्हणाले, "अपडेट आलंय, दाबू का?"

म्हटलं, "काका, आधी बॅकअप!"

भेटू पुढच्या भागात.