‘कसं वाटलं?’ विचारू नका

चंदीगडलगतच्या मोहालीतल्या सेक्टर 67 मधून बोलतोय. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून लेखक-कलावंत घराघरांत बोलू लागले. आज मोबाइलवर मुलाखतींचा पूर आहे, पण फिरून फिरून प्रश्न तोच: ‘पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटलं?’ गस्तीवरून परतलेल्या जवानाला आम्ही असं विचारत नसू. काय दिसलं, काय केलंस, का केलंस, एवढं विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. कलावंतालाही तसंच विचारा. हे कडवं का खोडलं? ही चाल कुठून आली? तुमच्या गावात एखादा म्हातारा शाहीर अजून गात असेल. ही उत्तरं त्याच्याबरोबर जाण्याआधी मोबाइल समोर ठेवा आणि विचारा. जय हिंद.