मुलांची परदेश सहल : आखणी आणि परवानगी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मुलामुलींचा एखादा गट परदेशी न्यावा, अशी मागणी पालकसभेत वारंवार होते. ती कशी पार पाडावी, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी कोणी मोठा प्रवासी नव्हे. पण अशा एका सहलीच्या तयारीत मी होतो, आणि तिथे झालेली एक चूक अजून मनाला लागून आहे. तीच सांगायला उभा आहे.

आधी थोडा इतिहास. बद्रुद्दीन तैयबजी १८६० साली शिकायला विलायतेला गेले तेव्हा सोळाही पुरे नव्हते. १८६७ साली ते मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे राहिले. त्यांच्याच घराण्यातील अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्या काळी आजच्यासारखे पासपोर्ट-व्हिसाचे सोपस्कार नव्हते. खरी परवानगी एकच होती, ती घरच्यांची. आजही पहिली परवानगी तीच आहे.

पालकांची भीती मी खोटी मानत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ते आठवले की कोणत्याही आईचा हात सहीसाठी पुढे होत नाही. म्हणून नुसत्या 'हो'वर समाधान मानू नका, प्रश्न विचारा. किती मुलांमागे एक शिक्षक? मुलींबरोबर शिक्षिका किती? मुक्काम कुठे? रात्री कोण जागे राहणार? आजारी पडल्यास कोणते इस्पितळ, आणि विमा आहे का? ऐन वेळी बेत फिसकटला तर पुढे काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात जागतिक स्काऊट मेळावा भरला. चाळीस हजारांवर मुले जमली होती. उन्हाच्या तडाख्याने शेकडो आजारी पडली आणि पुढे तुफानाच्या भीतीने सारी छावणीच हलवावी लागली. जगभरचा अनुभव असलेल्यांवर जर ही वेळ येते, तर आपण दुसरा बेत हाताशी ठेवलाच पाहिजे. या प्रश्नांची लेखी उत्तरे जो आयोजक देत नाही, त्याच्या हाती आपले मूल देऊ नये.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका युवक गटाच्या सहलीचे काम मी पाहत होतो. आम्ही मोठ्या उत्साहाने आधी पैसे गोळा केले आणि कागद नंतर पाहिले. गटात एक हुशार मुलगी होती. तिच्या जन्मदाखल्यावर 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. वडिलांचे नाव एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसऱ्या ठिकाणी नुसते 'मोहद'. दुरुस्तीसाठी तिचे वडील महिनाभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. पासपोर्ट आला तेव्हा गट जाऊन परत आलेला होता. निघण्याच्या रात्री ती मुलगी मैत्रिणींना निरोप द्यायला सहार विमानतळावर आली होती. तिने तक्रार केली नाही. केली असती तर बरे झाले असते.

म्हणून आजच घरी गेल्यावर एक काम करा. मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या नोंदवहीतील नाव, आधार आणि आईवडिलांचे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मूल शाळेत आहे तोवर नोंद दुरुस्त होणे त्यातल्या त्यात सोपे. शाळा सुटली की फार अवघड. आपल्याकडे मुलींचे नुसते एकच नाव लिहिण्याचीही रीत आहे. तसे करू नका. पासपोर्टवर एकच नाव असेल तर संयुक्त अरब अमिराती २०२२ च्या नोव्हेंबरपासून पर्यटनाचा व्हिसा देत नाही.

अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांची संमती लागते. तिचा छापील नमुना 'परिशिष्ट ड' म्हणून आहे. घटस्फोट किंवा अन्य कारणाने एकाची संमती मिळण्यासारखी नसेल तर 'परिशिष्ट क' भरता येते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे आणि कोणी 'जमणार नाही' म्हटले तर माघारी फिरू नये. मुलाचा पासपोर्ट ५ वर्षे किंवा वयाची १८ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. प्रवासाच्या वेळी त्याची निदान ६ महिने मुदत शिल्लक असावी. उपनगरात अंधेरी आणि मालाड येथे पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. अर्ज स्वतः भरा; दलालाची गरज नाही.

पासपोर्ट ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हेही समजून घ्या. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग सॉनी यांच्या खटल्यात दिला. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात तो हक्क आणखी पक्का झाला. हक्क आहे, मात्र तो बजावायचा तर कागद चोख हवेत.

आता संस्थेकडे वळू. सहलीचा ठराव कार्यकारिणीत रीतसर मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावा. शाळेच्या नावाने सहल असेल तर शिक्षण खात्याची परवानगी आधी घ्यावी. स्काऊट-गाईडचे पथक असेल तर त्यांच्या संघटनेमार्फतच अर्ज जावा. पैशाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. बाहेरच्या यजमान संस्थेने तिथल्या तिथे राहण्याजेवण्याची सोय केली तर गोष्ट वेगळी. पण तिने तिकिटांसाठी आपल्या संस्थेकडे रक्कम पाठवायची म्हटली, तर २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही. चांगल्या हेतूने घेतलेला पैसाही संस्थेला अडचणीत आणू शकतो. प्रवासी कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर कर आगाऊ कापला जातो; पावती जपून ठेवा, विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो.

या साऱ्याला वर्षभर धरा. पहिले तीन महिने कागद, पुढचे तीन पासपोर्ट, मग परवानग्या आणि व्हिसा, आणि तिकिटे सर्वांत शेवटी. एवढा खर्च झेपत नसेल तर पहिली सहल नेपाळची करा. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठराविक नमुन्यात दिलेल्या ओळखपत्रावर विमानाने जाता येते. १५ वर्षांखालील मुलांना वयाचा व ओळखीचा छायाचित्रासह पुरावा पुरतो. मोठ्यांनी मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावे. तिथे आधार चालत नाही.

शेवटी एकच विनंती. ज्याच्या बापाला पैसे भरता येतात तोच जाईल, अशी सहल आपल्या संस्थेला शोभणार नाही. प्रत्येक गटात दोन-तीन जागा गरजू मुलांसाठी राखाव्यात आणि त्यांचा भार आपण सर्वांनी उचलावा. आणि यादीतले शेवटचे नाव कागदपत्रांसह पक्के झाल्याशिवाय पहिले तिकीट काढू नये. सहारच्या दारात उभी राहिलेली ती मुलगी मला पुन्हा पाहायची नाही.