लसीचा आकडा आणि जनतेचा विश्वास



"लोक अडाणी आहेत, म्हणून लस टोचून घेत नाहीत," असे म्हणणे फार सोपे आहे. परंतु त्या लोकांना पुरता आकडा कोणी सांगितला होता काय? हाच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी एका दिवशी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले.

एकोणीस माणसे मेली, हे खरे होते. पण ते अर्धेच सत्य होते. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्टही पुढे आली. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षे लोटली होती.

अर्धा आकडा जशी भीती पसरवितो, तसाच खोटा धीरही देतो. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या देशात कोरोनाच्या लसीचे १०० कोटी डोस पूर्ण झाले. काम मोठे होते, यात शंका नाही. परंतु डोस म्हणजे माणसे नव्हेत. दोन्ही डोस मिळालेले लोक त्या वेळी सुमारे २९ कोटीच होते. १०० कोटींच्या जयघोषात, ज्या वस्तीत दुसरा डोस पोहोचला नव्हता ती वस्ती दिसेनाशी झाली.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही असे म्हटले. त्याचबरोबर कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती जनतेस खुली झाली पाहिजे, असेही बजावले.

म्हणून माझे आपणांस सांगणे आहे: लस अवश्य टोचून घ्या, मुलाबाळांना टोचवा. पण कितीजणांना टोचली, त्यांपैकी कितीजणांस त्रास झाला, आणि न टोचलेल्यांपैकी कितीजण आजारी पडले, हे तिन्ही आकडे आपल्या भाषेत मागा. ते मागणारा मनुष्य लसीचा वैरी ठरत नाही. ज्याच्या दंडात सुई जाते, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. हा हिशेब जेथे उघडपणे दिला जाईल, तेथे लोक आपण होऊन दंड पुढे करतील.