धनेशाची ढोली राखा : आपल्या रानाचा लांब पल्ल्याचा आराखडा

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



लावण्या आटोपल्या. गणपती तोंडावर आले आहेत आणि मुंबईची माणसं आता घरी येतील. मुद्दाम हेच दिवस धरून आज बोलतो आहे. कारण आजच्या विषयाला सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, आणि त्या एरवी वर्षभर एका जागी मिळत नाहीत. विषय आहे आपल्या मालकीच्या रानाचा आणि त्यात घर करणाऱ्या धनेश पक्ष्याचा.

धनेश म्हटलं की काहींच्या ध्यानात यायचं नाही. आपल्याकडे त्याला कुणी ककणेर म्हणतं, कुणी गरूड म्हणतं. पुराणातला गरूड तो नव्हे. ही मोठ्या वाकड्या चोचीची पाखरं. त्यातला सर्वांत मोठा महाधनेश. तो डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा ऐकू येतो. दुसरा काळा-पांढरा ककणेर. बाकीचे दोन करड्या रंगाचे, आणि त्यांतला एक तर आपला सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही.

आता या पाखराचं घर कसं असतं ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. धनेश काटक्यांचं घरटं बांधत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. आणि ढोली त्याला स्वतःला पाडता येत नाही. मोठी फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, आतलं लाकूड कुजावं, नाहीतर सुतार पक्ष्याने आधी भोक पाडलेलं असावं, तेव्हा कुठे वर्षानुवर्षांनी जागा तयार होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी आत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा गर असं लावून तोंड लिंपून घेते. राहते ती एक उभी चिंचोळी फट. महाधनेशाची अंडी एक किंवा दोन, ती उबायला 38 ते 40 दिवस लागतात. आत बसल्या बसल्या मादीची उडायची पिसं झडून जातात. म्हणजे ती बाहेर आली तरी उडू शकत नाही. या सगळ्या काळात नर एकटा फळं, किडे, सरडे, उंदीर आणून फटीतून भरवतो. आता त्या नराला कुणी छऱ्याची बंदूक दाखवली तर काय होईल ते तुम्हीच सांगा. एका बाराने सगळं घर उपाशी बसतं.

त्याच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं असा एक समज आहे. त्या तेलाने कुणाचा गुडघा बरा होत नाही. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार करणं, अंडी-पिल्लं काढणं हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

पण मंडळी, खरं सांगायचं तर आपल्याकडे बंदुकीपेक्षा करवतीनेच जास्त नुकसान केलं आहे. आणि यात मी दुसऱ्या कुणाला बोट दाखवीत नाही. आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक बेहडा होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, पैशांची ओढ होती, आणि लाकूडवाल्याने सगळं रान उक्तं मागितलं. मीच म्हटलं, देऊन टाका, पुन्हा फुटेल. ऐन फुटला, किंजळ फुटला. बेहडा काही फुटून पुन्हा तेवढा झाला नाही. पुढच्या जानेवारीत ककणेराची जोडी आली. चार-पाच दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालून शेजारच्या आंब्यावर बसत होती. मग गेली, ती आजपर्यंत आली नाही. त्या बेहड्याचे हाती किती आले असतील? लाकूड आतून पोकळ निघालं म्हणून लाकूडवाल्याने त्याचे पैसे कापूनच घेतले.

हे ध्यानात घ्या. ढोली असलेलं झाड बाजारात सर्वांत कमी किमतीचं आणि पाखराला सर्वांत जास्त किमतीचं असतं. त्याला राखायला आपल्या खिशाला फारशी झळ लागत नाही. तोडीचा करार करताना ते झाड करारातून वगळायचं, एवढंच. पण करार होतो गडबडीत, आणि तेव्हा हे कुणाला आठवत नाही. म्हणून आराखडा आधी लिहून ठेवायचा.

आता धनेश आपल्याला देतो काय, हा प्रश्न येणारच. तो उंबर, वड, पायर, जांभूळ अशी फळं गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो. काजऱ्याच्या फळातला गर ककणेर खातो आणि विषारी बी जसंच्या तसं टाकून देतो. मोठ्या बियांची जी झाडं आहेत, त्यांची बी गिळून दूर नेण्याएवढी चोच फार थोड्या पाखरांना आहे. ढोलीखाली पावसाळ्यात जाऊन बघा, रोपंच रोपं उगवलेली दिसतील. न मागता मिळालेली ती रोपवाटिका समजा. त्या रानाच्या मुळाशी मुरलेलं पाणीच आपल्या वहाळाला डिसेंबरपर्यंत धरून ठेवतं.

आराखडा कसा करायचा ते सांगतो. एक शंभर पानी वही घ्या. पहिल्यांदा रानात फिरून ज्याचा घेर आठ-नऊ फुटांवर आहे असं प्रत्येक झाड मोजा. आंबा, बेहडा, सातवीण, काटेसावर, जे असेल ते. झाडाचं नाव, घेर, ढोली आहे की नाही, ती कुठल्या दिशेला, आणि जवळची खूण, म्हणजे गडगा, कोंड, पाणंद, असं लिहा. चुन्याचा पट्टा मारा. खिळा ठोकू नका, तिथूनच कूज लागते.

दुसरं, आजच्या ढोल्या कायमच्या नाहीत. वादळात झाड पडतं, ढोलीचं तोंड साल वाढून बुजतं, आतला तळ कुजून एवढा खाली जातो की मादीला फटीपर्यंत चोच पोचवता येत नाही. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद या शास्त्रज्ञ बाईंनी गावकऱ्यांना हाताशी धरून अशा ढोल्यांचा तळ भरून घेतला, तोंडं मोकळी केली, आणि पाखरं पुन्हा नांदली. आपण मात्र हे वनखात्याला विचारूनच करावं, आणि तेही पाऊस सरल्यावर. एरवी झाडावर चढू नये.

तिसरं आणि महत्त्वाचं. आज लावलेल्या बेहड्याला धनेशाच्या कामाची ढोली व्हायला दोन-तीन पिढ्या जातील. ती आपल्या नातवालाही बघायला मिळेल याची खात्री नाही. म्हणून रानात तीन वयांची झाडं एकाच वेळी उभी हवीत. माझा साधा हिशोब असा : एकरी दोन म्हातारी, पाच मधली आणि दहा तरणी, ही सतरा झाडं कधीच तोडायची नाहीत. म्हातारं पडलं की मधल्यातलं एक वर सरकतं. उंबर-वडासारख्या झाडांना लाकडाची किंमत नाही म्हणून ती आधी जातात. पण दुसरी फळं नसतात त्या दिवसांत हीच पाखरांना तारतात. त्यांना सतरात धरा.

तोड पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. घर चालवायचं असतं. पण सबंध रान एकदम देऊ नका. पाच एकर असेल तर पाच तुकडे करा आणि दोन वर्षांनी एक तुकडा तोडीला द्या. प्रत्येक तुकड्याची पाळी दहा वर्षांनी येते, पैसा दोन वर्षांनी हातात येतो आणि डोंगर एकदम बोडका होत नाही. तोडीसाठी 1964 च्या कायद्याप्रमाणे कुठल्या झाडाला परवानगी लागते ते आधी वनरक्षकाकडून समजून घ्या. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत ढोलीच्या शंभर पावलांत तोड, कोळसा, वणवा काही नको. राबासाठी कवळ काढायचं तर ढोलीच्या झाडाचं काढू नका.

काजू किंवा रबर लावण्यासाठी रान साफ करायचा विचार असेल तर वहाळाच्या दोन्ही काठांचा पट्टा तरी तसाच ठेवा. ककणेराला वहाळाकाठची उंच झाडं आवडतात.

तुम्ही म्हणाल, हे काम सरकारचं. तिलारी परिसरातलं 29.53 चौरस किलोमीटर जंगल 2020 साली संवर्धन राखीव झालं. कर्नाटकात काळी नदीकाठी दांडेलीला तर 2011 सालीच खास धनेशासाठी राखीव क्षेत्र झालं. चांगलंच आहे. पण पाखराला सातबारा वाचता येत नाही. ते चरायला सरकारी जंगलात जाईल आणि घर तुमच्या आंब्यात करील. अरुणाचलात पाक्के इथे न्यिशी लोक पूर्वी धनेशाची चोच टोपीला लावीत. त्याच गावांतली माणसं गेल्या दहा-पंधरा वर्षांपासून एकेका ढोलीवर पहारा करतात, आणि टोपीला बनावट चोच लावतात. तिथे ढोली दत्तक घेणारे शहरातले लोक पैसे देतात. आपल्याकडे असे पैसे येतीलच या भरवशावर मात्र राहू नका. पर्यटकांच्या गाड्या आल्या म्हणजे रान वाचलं असंही नाही. ढोलीखाली दहा माणसं उभी राहिली की नर फिरकत नाही.

देवरहाटीचंही बोललं पाहिजे. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे हवेत म्हणून राय विकल्याची उदाहरणं आपल्या आसपास आहेत. मानकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी बसून ठराव करावा की स्लॅबसाठी वर्गणी काढू, रायेला हात लावणार नाही. ग्रामपंचायतीत 2002 च्या कायद्याप्रमाणे जैवविविधता समिती असते. तिच्या लोकनोंदवहीत रायेतली आणि खाजगी रानातली ढोलीची झाडं नोंदवून घ्या. समिती कागदावरच असेल तर ग्रामसभेत उठून विचारा.

आता गणपतीतलं काम. पंचमीला, नाहीतर गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आरती झाल्यावर सगळ्या हिस्सेदारांना ओसरीवर बसवा. वही मधे ठेवा. राखायच्या झाडांची यादी मोठ्याने वाचा आणि खाली प्रत्येकाची सही घ्या. मुंबईत असलेल्याला तोड नको असते पण पैसे हवे असतात, आणि गावातल्याला राखणीचा त्रास एकट्याला पडतो. हे भांडण तिथेच मिटवा. तोडीच्या पैशांतून राखणदाराचा वाटा आधी काढायचा असं लिहूनच ठेवा. बायकांना बैठकीत घ्या. पातेरा आणि लाकूडफाटा आणायला त्याच रानात जातात, कुठल्या झाडावर पाखरू आहे हे त्यांनाच आधी कळतं.

दर पाच वर्षांनी वही उघडून घेर पुन्हा मोजा. पोरांना बरोबर न्या, पुढची मोजणी त्यांना करायची आहे. आणि येत्या जानेवारीत सकाळच्या उन्हाला यादीतल्या झाडांखाली एक फेरी मारा. खाली ताज्या बिया आणि विष्ठा दिसली, ढोलीचं तोंड लिंपलेलं दिसलं, तर तारीख वहीत लिहा आणि आवाज न करता मागे फिरा.