श्वासाचा हक्क
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील एका माजी विद्यार्थ्याचे भाषण)



झाशीहून कानपूरकडे निघाले की वाटेत पारीछाच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसतात, मग चिरगाव लागते आणि सुमारे ५० किलोमीटरवर मोठ हे तहसिलीचे गाव येते. वैद्यकीच्या निमित्ताने मी तेथे काही वर्षे काढली.

एकदा धाप लागलेल्या एक आजी आल्या. विडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. चुलीपुढे बसून फुंकणी मात्र जन्मभर फुंकली होती. श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. ‘‘चूल सोडा,’’ मी म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘सिलिंडर कोण भरून देईल, बेटा?’’ या प्रश्नावर माझ्यापाशी औषध नव्हते.

धुरातील अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण नाकात अडत नाहीत. ते वायुकोशांपर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून फुप्फुसांबरोबर हृदय आणि मेंदूलाही त्यांची झळ बसते. हवेच्या एका घनमीटरमागे या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा आपल्या देशात ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचविले.

कायदे नाहीत असे नव्हे. हवा प्रदूषण नियंत्रणाचा कायदा १९८१ चा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झाशीचे नाव आहे. परंतु हा कार्यक्रम मुख्यतः शहरांचा. चुलीचा आणि शेतात जाळलेल्या काडाचा धूर त्याच्या हिशेबात पुरेसा येत नाही. उज्ज्वला योजनेचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये बुंदेलखंडातील महोब्याहूनच सुरू झाला. जोडणी घरोघरी पोहोचली. पण सिलिंडर पुन्हा भरणे परवडले, तरच चूल विझते.

म्हणून मागणे तीनच. हवेचे मोजमाप तालुक्याच्या गावांतही व्हावे. गरीब घराला वर्षभराचा गॅस परवडावा. वीजकेंद्रांसाठी २०१५ मध्ये ठरलेल्या उत्सर्जनमर्यादांना वारंवार मुदतवाढ मिळाली. ती रीत थांबावी.

आपल्यापैकी कोणी प्रशासनात आहेत, कोणी उद्योगात; मतदार तर सारेच आहेत. मत मागायला येणाऱ्याला हे प्रश्न विचारा. कवायतीच्या तासाला गुरुजी ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणत आणि आपण तो निर्धास्तपणे घेत असू. आजच्या मुलांनाही तो तसाच घेता यावा, इतकीच प्रार्थना.