कोळ्याची दोरी आधी

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यात कोणी लोणच्या-पापडावर बोलते, कोणी तीर्थयात्रेची हकीकत सांगते. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला धरले आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे येते त्यावर दहा मिनिटे बोला." मी सातवी शिकलेली बाई. मला काय येते? स्वयंपाक तुम्हा सगळ्यांना माझ्याहून बरा येतो. पुष्कळ विचार केला तेव्हा ध्यानात आले की मला मोबाईलवरचा एक डाव सोडवता येतो, आणि तो सोडवता सोडवता आमच्या घरातली एक गोष्ट निभावली. तेव्हा आज त्यावरच बोलते. हसायचे ते आताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखे थोडेच आहे.

खेळाचे नाव 'कट द रोप'. म्हणजे दोरी काप. मॉस्को शहरातल्या दोघा जुळ्या भावांनी तो काढला आणि २०१० साली तो मोबाईलवर आला. त्यात एक हिरव्या रंगाचे, मोठ्या तोंडाचे बाळ आहे, त्याचे नाव ऑम नॉम. ते नुसते आ करून बसलेले असते. वर खिळ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर एक गोळी लोंबत असते, आपल्या पेपरमिंटसारखी. बोट फिरवून आपण दोरी कापायची आणि ती गोळी बाळाच्या तोंडात पाडायची. वाटेत तीन चांदण्या असतात, त्या गोळीने टिपल्या तर शाबासकी जास्त. पंचवीस डावांची एक पेटी, आणि अशा पुष्कळ पेट्या. सुरुवातीला एकच दोरी असते, कापली की काम झाले. पुढे पुढे काटे येतात, गोळीला वर नेणारे बुडबुडे येतात, दोरीवरून चालत येणारा कोळी येतो.

मोबाईलवरचा खेळ म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो उगीच येत नाही. पैसे लावून पत्ते खेळायच्या खेळांत कितीजण बुडाले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. मी सांगते तो खेळ त्यातला नव्हे. यात नशीब नाही. डाव सुटला नाही तर चूक आपली, आणि सुटला तर डोके आपले. आपण लहानपणी कवड्यांचा पट खेळलो, सागरगोटे झेलले, त्याच जातीचा हा खेळ. तरीही पोराला तास-तास देऊ नये, हे मी आधीच सांगून ठेवते.

आता मूळ गोष्ट. महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे हळदीकुंकवाचे छोटे दुकान आहे. नारळ, परडी, कवड्यांची माळ, बांगड्या. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि दोन्ही नवरात्रे यांवर आमचा संसार चालतो. आई उठली की गाव उठते आणि आईचे दार बंद झाले की गाव बसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झाले, ते त्या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. जरा हात हलू लागला, तो एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप. दुकानात भरलेला माल तसाच. कुंकवाला कीड लागत नाही म्हणून बरे, पण नारळ तडकले.

पहिल्या बंदीत आमच्या यांनी एका ओळखीच्या माणसाकडून साठ हजार रुपये उसने घेतले होते, शेकडा पाच दर महिन्याला. म्हणजे महिना उजाडला की तीन हजार नुसते व्याज. दुकान चालत होते तेव्हा ते कळत नव्हते. दुसऱ्या बंदीत ते कळू लागले. दार वाजले की हे आतल्या खोलीत जात.

त्याच दिवसांत, मे महिन्यात, थोरल्या जाऊबाईंच्या नात्यातले एक स्थळ आमच्या मुलीला सांगून आले. मुलगा बरा, शेती बरी. तेव्हाच्या नियमाने लग्नाला पंचवीसच माणसे चालत आणि दोन तासांत उरकावे लागे. पाहुण्यांनी हुंडा नको, मानपान नको म्हटले. घरात जो तो म्हणू लागला की अशी संधी पुन्हा येणार नाही. एरवी तीन-चार लाखांच्या खाली लग्न होत नाही, इथे वीस-पंचवीस हजारांत मुलगी उजवली जाते. हेही म्हणाले, "पंचवीस माणसांत उरकतंय. एक काळजी तरी कमी होईल."

मुलगी बारावीला होती. तिचे वय सतरा. अठरा पूर्ण व्हायला जानेवारी उजाडणार होता. तिला नर्सिंगला जायचे होते. ती काही बोलली नाही. माझ्याशी तर मुळीच नाही, कारण मीही गप्प होते. माझी शाळा सातवीत सुटली ती अशाच एका बऱ्या स्थळाच्या घाईत. मला वाटे, मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझेही निभावलेच ना?

घरात मोबाईल एकच. दिवसभर त्यावर मुलांची शाळा चाले. रात्री धाकटा चौथीतला मुलगा हा खेळ खेळे. एका रात्री त्याचा डाव अडला आणि "आई, तू बघ गं," म्हणून मोबाईल माझ्या हातात देऊन तो झोपी गेला. मला झोप नव्हतीच.

तो डाव असा होता. गोळी मधोमध, तीन दोऱ्यांवर. एक दोरी डावीकडच्या खिळ्याला, एक उजवीकडच्या, एक वरच्या. वरच्या खिळ्यावर कोळी बसलेला. डाव सुरू झाला की तो दोरीवरून खाली चालू लागतो आणि गोळीपाशी पोचला की ती घेऊन जातो. बाळ खाली डाव्या कोपऱ्यात, आणि त्याच्या डोक्यावर डाव्या भिंतीला काट्यांची रांग. गोळी काट्याला लागली की फुटली.

मी आधी कापत सुटले. डावी काप, उजवी काप. कधी गोळी फुटली, कधी खाली गेली, कधी कोळ्याने नेली. मग मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर मांडून पाहिले. तीन दोऱ्या कापायचे क्रम किती? सहा. कोणतीही पहिली धरा, मागे उरलेल्या दोघींचे दोन क्रम, तीन दुणे सहा. सहाही करून पाहिले. कोळ्याची दोरी शेवटी ठेवली की कोळी पोचतोच, दोन क्रम गेले. ती मध्ये ठेवली तर गोळी भलत्याच बाजूला ओढली जाते, आणखी दोन गेले. राहिले कोळ्याची आधी कापायचे दोन. त्यांत उजवी दुसरी कापली की गोळी थेट डाव्या काट्यांवर. डावी दुसरी कापली की गोळी उजवीकडे झोका घेते, बाळापासून लांब. मी घाबरून लगेच शेवटची दोरी कापी आणि गोळी मधेच पडे. सहाच्या सहा वाटा बंद.

इतक्यात हे कुशीवर वळून म्हणाले, "काय करतीस एवढ्या रात्री?" मी दाखवले. कित्येक आठवड्यांत त्यांनी कशात लक्ष घातले नव्हते, पण उठून बसले आणि पाहू लागले. मी सहज विचारले, "यातली आधी कोणती कापावी?"

ते म्हणाले, "कोळ्याची. बाकीच्या दोऱ्या जागेवर थांबतात, तो थांबत नाही."

मग पुढची अडचण दाखवली. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "लांब जाते म्हणून भितीस कशाला? जाऊ दे. झोका आहे, परत येईल. परत येताना सोड."

भगिनींनो, माझे माहेर शेतकऱ्याचे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला मी मचाणावर उभी राहून गोफण फिरवलेली आहे. गोफणीचा दगड कुठे जाईल हे जोरावर नसते, दोर कोणत्या घटकेला सोडला यावर असते. झोक्याचेही तसेच. नागपंचमीला झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो. तिथे सुटले तर माणूस सरळ खाली. मध्यावर वेग पुरा असतो, तिथे सुटले तर पुढे फेकले जाते. इतके सगळे अंगाला ठाऊक असून मला सुचले नव्हते, कारण मी घाबरले होते.

मी कोळ्याची दोरी कापली. मग डावी. गोळी उजवीकडे लांब गेली. बोट धरून थांबले. ती वळली, मध्यावर आली, तेव्हा शेवटची कापली. गोळी काट्यांच्या खालून गेली आणि बाळाच्या तोंडात पडली. हे हसले. खूप दिवसांनी हसले.

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "मग आपल्या घरातला कोळी कोण?"

ते काही बोलले नाहीत. दिवा मालवून झोपलो. पण सकाळी चहा पिताना त्यांनीच विषय काढला. आमच्या घरातही दोऱ्याच होत्या. दुकानाचे भाडे, ते मालक थांबायला तयार होते. बचत गटाचा हप्ता, गटातल्या बायकांनीच सांभाळून घेतला होता. मुलीचे शिक्षण. आणि ते साठ हजार. थांबत नव्हते ते एवढेच. रोज एक पाऊल खाली येणारे. आणि आम्ही कापायला निघालो होतो ती दोरी कोणती? जी बिचारी सगळ्यांत निमूट होती ती.

त्या दिवशी मी माझ्या दोन पाटल्या काढून दिल्या. त्या आईच्या होत्या. बँकेत तारण ठेवून पैसे आणले आणि त्या गृहस्थाचे साठ हजार फेडले. बँकेचे व्याज वर्षाला शेकडा नऊ, म्हणजे महिन्याला साडेचारशे. कुठे तीन हजार आणि कुठे साडेचारशे! हा हिशेब आम्हाला आधी करता येत नव्हता असे नाही. भीतीने माणूस मांडून पाहत नाही, नुसता कापत सुटतो.

स्थळाला आम्ही नाही कळवले. मी जाऊबाईंना म्हटले, "पोरगी अठराची नाही, आणि कायद्याने ठरवणारा, लावणारा, लग्नाला उभा राहणारा, सगळेच सापडतात." त्या म्हणाल्या, "कायदा आम्हालाच तेवढा सांग." दोन वर्षे बोलल्या नाहीत. ते मला फार लागले, अजून लागते.

त्या वर्षी बारावीची परीक्षा झालीच नाही, ऑगस्टमध्ये निकाल तेवढा लागला. मुलीला सोलापूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती बॅग घेऊन एसटीत चढली तेव्हा माझ्या पोटात कालवले. पण मनात म्हटले, लांब जाऊ दे. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी देवळाचे दार उघडले. आम्ही दुकानाची फळी काढली. आज ती सोलापूरला एका दवाखान्यात नोकरी करते, महिन्यातून एकदा येते आणि आली की आधी सासूबाईंचे रक्तदाब पाहते.

मी असे म्हणणार नाही की हे सगळे मोबाईलने शिकवले. शिकायचे ते आपल्याला ठाऊकच असते. त्या डावाने आम्हा दोघांना एका रात्री एकाच जागी बसवून एकाच गोष्टीकडे पाहायला लावले, एवढेच. एक फरक मात्र मुलांनाही सांगते आणि तुम्हालाही सांगते. त्या खेळात कोपऱ्यात एक वाकडा बाण असतो. तो दाबला की सगळ्या दोऱ्या पुन्हा होत्या तशा. म्हणून तिथे सहा काय, साठ वेळा चुकले तरी चालते. संसारात तो बाण नाही. दागिना गेला तर पुन्हा होतो, भाडे थकले तर फिटते, माणूस रुसले तर कधी ना कधी बोलते. पण मुलीची शाळा एकदा सुटली की सुटली. मी सातवीनंतर पुष्कळदा ठरवले, पण परत बाकावर बसले नाही. तेव्हा घरात अडचण आली की कापण्याआधी एवढे पाहावे : कोणती दोरी थांबत नाही, आणि कोणती एकदा तुटली की बांधता येत नाही. पहिली आधी कापावी. दुसरीला हात लावू नये.

शेवटी एक राहिले. दुसऱ्या दिवशी मुलाला मी मोठ्या ऐटीने डाव दाखवला. तो म्हणाला, "आई, दोनच चांदण्या मिळाल्या. एक वर राहिली." मी म्हटले, "राहू दे. बाळ जेवले ना?" पाटल्यांचेही तसेच आहे. एक सोडवून आणली, एक अजून बँकेत आहे. हात थोडा मोकळा दिसतो, कोणी विचारले तर सांगते, एक चांदणी वर राहिली आहे.